नगरी पाण्यावरचं विमान : एका दशकाचा मागोवा

२०१४ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात सी-प्लेनची हवा होती. ऑगस्टमध्ये मेहेअर कंपनी आणि राज्याचं पर्यटन महामंडळ यांनी जुहू ते लोणावळ्याजवळचं पवना धरण अशी सेवा सुरू केली. पाठोपाठ शिर्डीच्या भाविकांसाठी राहुरीच्या मुळा धरणाचं नाव पुढं आलं. शिर्डीला तेव्हा विमानतळ नव्हता. टँकरच्या खेपा मोजत उन्हाळा काढणाऱ्या जिल्ह्यात विमान पाण्यावर उतरणार म्हटल्यावर चहाच्या टपरीवर विषयाला तोटा राहिला नाही. रिमोटवर विमानं उडवणाऱ्या आम्हा मोजक्या छांदिष्टांनी मात्र त्यातून वेगळंच खूळ घेतलं. असंच विमान लहान करून इथल्याच पाण्यावरून उडवायचं.

त्याला दशक उलटून गेलं. जिल्हा अहमदनगरचा अहिल्यानगर झाला. मोठं सी-प्लेन इथं रुजलं नाही, छोटं रुजलं. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडला की एक गोष्ट लख्ख दिसते. विमानाला आकाश फारसं नडत नाही. नडतो तो पृष्ठभाग, जिथून निघायचं आणि जिथं परतायचं.

प्रतिकृतीसाठी सेस्ना २०८ कॅरॅव्हॅन निवडलं, कारण अंदमानात आणि मुंबईत सी-प्लेन म्हणून तेच नाव कानावर होतं. सरळ पंख, पेटीसारखं धड, वरून लावलेला पंख. घरी बांधायला सोयीचं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे १५.९ मीटर. आठव्या हिश्श्यात तो दोन मीटरच्या जरा आत बसतो, म्हणजे जीपच्या मागच्या बाकावर पंख काढून नेता येतो. लांबी आठाने भागायची, क्षेत्रफळ चौसष्टाने आणि वजन पाचशे बाराने. साडेतीन हजार किलोच्या वर भरणारं विमान या हिशेबानं सात किलोचं होतं. प्रतिकृती त्याहून जितकी हलकी, तितकी चांगली.

वेगाचा हिशेब निराळा. जहाजांच्या प्रतिकृती टाकीत ओढून एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूडनं जो नियम बसवला, तो इथंही लागू पडतो. वेग आकाराच्या वर्गमुळानं घटतो. खरं विमान ताशी ११० किलोमीटरला पाणी सोडत असेल, तर आपल्यानं ताशी ३९ च्या आसपास सोडायला हवं. पण लाटांना प्रमाण कोण शिकवणार? तलावावरची दहा सेंटिमीटरची लाट या विमानाला ऐंशी सेंटिमीटरची भासते. काठावरून पाहणाऱ्याला पाणी शांत वाटतं आणि विमान मात्र खवळलेल्या समुद्रात असतं.

सगळी मेहनत फ्लोटमध्ये गेली. खऱ्या सी-प्लेनचे फ्लोट विमान तरंगायला लागतं त्यापेक्षा ८० टक्के जास्त भार पेलतील असे करतात आणि आत पाणबंद कप्पे ठेवतात. एखादा फुटला तरी विमान बुडू नये. आपल्या सात किलोंना मिळून साडेबारा लिटरच्या वर आकारमान हवं. फ्लोटचं टोक पंख्याच्या पुढं यायला हवं, नाहीतर वेग कमी झाला की नाक पाण्यात खुपसतं. तळाला मध्यावर पायरी असते, तिला सगळे ‘स्टेप’च म्हणतात. ती गुरुत्वमध्याच्या किंचित मागं हवी. फार मागं गेली तर विमान नाक उचलतच नाही. फार पुढं आली तर ते पाण्यावर मागंपुढं डोलायला लागतं आणि डोलणं वाढत जातं.

ही पायरी नसती तर सी-प्लेनला पाणी सोडणं फार जड गेलं असतं. ओल्या ओट्यावर उपडी ठेवलेली ताटली जशी चिकटते, तसा गुळगुळीत तळ पाण्याला चिकटतो. स्टेपमुळं मागच्या भागाखाली हवा शिरते, तळ सुटतो आणि विमान पुढच्या अर्ध्या फ्लोटवर घसरायला लागतं. त्याआधी एक चढण असते, पाण्याचा रोध सगळ्यात जास्त असतो तो टप्पा. बहुतेक प्रतिकृती तिथंच अडकतात. मोटर पूर्ण ताकदीनं घरघरत राहते आणि विमान नांगर ओढत निघाल्यासारखं चालतं. आपल्याकडं तापलेल्या दुपारी हे हमखास होतं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, ३५ अंश तापमानात हवा प्रमाण हवेपेक्षा तेरा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. पंख्याला आणि पंखांना तेवढीच कमी पकड मिळते.

जानेवारीतल्या सकाळी हवा दाट, वारा पडलेला, पाणी आरशासारखं. वाटतं, हीच वेळ. पण आरशासारखं पाणी उतरायला वाईट, उंचीचा अंदाज लागत नाही. निघायलाही वाईट, कारण तळ सुटत नाही. बारीक तरंग उठेपर्यंत थांबायचं, हे पाण्यावरचे वैमानिक शंभर वर्षं सांगत आलेत. पाण्यावरून पहिलं विमान फ्रान्समध्ये आन्री फाब्रनं उडवलं, २८ मार्च १९१० ला. पाण्याचा स्वभाव तेव्हापासून बदललेला नाही.

साहित्य मात्र याच काळात पार बदललं. जुन्या मंडळींची मिथेनॉल आणि एरंडेल पिणारी इंजिनं पाणी उडालं की बंद पडायची आणि विमान तलावाच्या मध्यावर राहायचं. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी स्वस्त झाली तसा हा घोर संपला. २०१८ मध्ये राज्यानं प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली आणि स्टेशनरीच्या दुकानांतून थर्माकोलचे तक्ते दिसेनासे झाले. मग फ्लोट सनबोर्डचे झाले, पुढं थ्रीडी प्रिंटरमधून निघू लागले. छापलेला फ्लोट दिसायला देखणा, पण थरांच्या फटींतून पाणी पितो. आतून-बाहेरून एपॉक्सीचा हात फिरवल्याशिवाय त्याच्यावर विश्वास टाकू नये. रिसीव्हर फुग्यात बांधून वरच्या बाजूला ठेवायचा. पाण्यात बुडालेल्या अँटेनापर्यंत २.४ गिगाहर्ट्झचा संदेश पोचत नाही.

माणसाशिवायच्या विमानांचा नगरला तसा आधीपासून संबंध. लष्कराच्या ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी वाँकेल जातीचं ५५ अश्वशक्तीचं इंजिन देशात तयार झालं, त्यात नगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा वाटा होता. २००९ च्या मार्चमध्ये कोलारला ते या इंजिनावर उडालं. निशांतला चाकं नव्हती. ते प्रक्षेपकावरून सुटायचं आणि पॅराशूटनं उतरायचं. पृष्ठभागाची अडचण अभियंत्यांनी अशी टाळली होती. आता राहुरीच्या कृषी विद्यापीठात फवारणीच्या ड्रोनचे धडे दिले जातात. तेही जागेवरून सरळ वर उठतात, त्यांना धावपट्टी लागत नाही.

आम्हाला मात्र लांब, मोकळं पाणी हवं होतं आणि या जिल्ह्यात तेच अवघड. शेततळी गावोगाव, पण सरकारी मापाचं मोठं शेततळं तीसेक मीटर लांब. वेग येईपर्यंत समोरचा बांध येतो. शिवाय प्लॅस्टिकच्या अस्तरावरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. भंडारदरा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, जायकवाडीचा फुगवटा पक्षी अभयारण्यात. दोन्ही ठिकाणी विमानाचं नाव काढायचं नाही. उरले पाझर तलाव. त्यांतले कितीतरी १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी माणसांनी खडी फोडून, माती वाहून उभे केलेले. दुष्काळात बांधलेल्या त्या भरावावर उभं राहून खेळण्यातलं विमान उडवताना थोडा संकोच वाटतो. म्हणून ग्रामपंचायतीला विचारायचं, मासेमारीचा ठेका घेतलेल्याला जाळी कुठं लावलीत ते विचारायचं, मोटारींचे पाइप चुकवायचे. दिवाळीपर्यंत तलाव भरलेला. फेब्रुवारीत पाणी मागं सरतं, बाभळीची खुंटं वर येतात आणि हंगाम संपतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनी पंचवीस किलोपर्यंतच्या छंदाच्या विमानांना नजरेच्या टप्प्यात उडवण्यापुरती बरीच मोकळीक दिली. तरी ड्रोनच्या नकाशावर लाल पट्टा कुठं आहे ते आधी पाहावं लागतं. लष्करी नगरात हे विसरून चालत नाही.

या काळात खऱ्या सी-प्लेनचं काय झालं? १ ऑक्टोबर २०१७ ला काकडीजवळ शिर्डी विमानतळ सुरू झाला आणि मुळा धरणावर उतरायचं मुख्य कारणच गेलं. त्याच डिसेंबरात गिरगाव चौपाटीवर स्पाइसजेटनं कोडियाक विमानाचं प्रात्यक्षिक केलं. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली. तिचं विमान देखभालीसाठी मालदीवला जाई. पुढच्या एप्रिलमध्ये ती सेवा थांबली ती थांबलीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये विजयवाडा ते श्रीशैलम असं आणखी एक प्रात्यक्षिक झालं. प्रत्येक वेळी विमान छान उडालं. उडण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मुळा धरण २६ टीएमसीचं. त्यातलं पाणी राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डीच्या आवर्तनांत वाटलं जातं, आणि उन्हाळ्यात काठ इतका मागं जातो की पावसाळ्यात बांधलेला धक्का चिखलात उभा राहावा. सी-प्लेनची घोषणा पुन्हा होईल, आणि व्हावीही. तेव्हा नगरकरांनी विमान कोणतं आणि तिकीट किती एवढ्यावर थांबू नये. मे महिन्यात धक्का कुठं असेल, इंधन कुठं भरणार, बिघाड झाला तर मिस्त्री कुठून येणार, आणि आवर्तन आधी की उड्डाण आधी, हे विचारावं. आठव्या हिश्श्याच्या विमानानंही आम्हाला हेच प्रश्न विचारले होते, फक्त ते स्वस्तात विचारले.