ताण : शरीराचा आणि मनाचा

परीक्षेच्या खोलीत प्रश्नपत्रिका हाती येण्यापूर्वीची दोन-चार मिनिटे कोणालाच लवकर विसरता येत नाहीत. शिवणकाम करून घर चालवणारी आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी दहावीला बसलेली एखादी स्त्री असेल, तर तिला ती मिनिटे फारच लांब वाटतात. शेजारच्या बाकावर तिच्या मुलाच्या वयाचा परीक्षार्थी बसलेला असतो. तिच्या तळहातांना घाम सुटतो, घशाला कोरड पडते, छातीतील ठोके कानांत ऐकू येऊ लागतात आणि काल रात्री तोंडपाठ असलेले उत्तर आठवेनासे होते. समोर वाघ नाही, आग नाही. छापील कागद तेवढे आहेत. तरीही शरीर असे का वागते?

या प्रश्नाकडे शास्त्रज्ञ वळले त्याच्या कितीतरी आधी मराठी बोलणाऱ्यांनी या अवस्थेची बारकाईने नोंद करून ठेवली होती. ‘तोंडचे पाणी पळणे’, ‘पोटात गोळा येणे’, ‘अंगावर काटा उभा राहणे’, ‘छातीत धस्स होणे’, ‘हातपाय गळणे’ हे वाक्प्रचार आज अलंकारिक वाटतात. पण त्यांपैकी बहुतेक शरीरात प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टींची वर्णने आहेत. भीतीने लाळ स्रवणे खरोखरच कमी होते, म्हणजे तोंडचे पाणी पळते. केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आखडतात आणि काटा उभा राहतो.

पोटातल्या गोळ्याचा शोध तर एका मांजरामुळे लागला. क्ष-किरणांचा शोध लागून दोनच वर्षे झाली होती. १८९७ च्या सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन हा तरुण विद्यार्थी मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न खाऊ घालून त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहत होता. मांजर घाबरले किंवा चिडले, की जठराची हालचाल एकाएकी थांबे. ते शांत झाले, की ती पुन्हा सुरू होई. पचनाचा अभ्यास करायला बसलेला कॅनन या अडथळ्याच्याच मागे लागला. संकट दिसताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. हृदय जलद धावते, यकृतातून साखर बाहेर पडते, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. जीव वाचवायचा असताना पचनाची घाई कोणाला? लढायचे असो वा पळायचे असो, शरीर दोन्हींसाठी सज्ज होते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कॅननने ही मीमांसा मांडली.

परीक्षेच्या खोलीत ना लढता येते, ना पळता येते. तयारी झालेली असते, पण ती खर्चायला वाव नसतो. ताणाची बरीचशी अडचण येथेच आहे.

‘ताण’ हा शब्द मराठीत मुळात दोरीचा. मांडवाचा खांब उभा राहावा म्हणून बांधलेली दोरी म्हणजे ताण. मागावरील उभे सूत म्हणजे ताणा. इंग्रजीतही या अर्थाचा शब्द पदार्थविज्ञानातून आला आणि माणसाच्या बाबतीत तो रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने हान्स सेल्ये यांच्याकडे जाते. १९३६ साली कॅनडातील माँट्रियल येथे ते एका नव्या संप्रेरकाच्या शोधात होते. निरनिराळे अर्क टोचलेल्या उंदरांमध्ये त्यांना तीच तीन चिन्हे आढळली : अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. नवे संप्रेरक सापडले, असे त्यांना वाटले. परंतु निव्वळ फॉर्मॅलिन टोचले तरी चिन्हे तीच! कडाक्याची थंडी आणि अतिश्रम यांनीही तेच घडले. अपेक्षाभंग झालेल्या संशोधकाने हा प्रयोग सोडून दिला असता तर नवल नव्हते. सेल्ये यांनी मात्र प्रश्नच बदलला : कारणे इतकी वेगळी असताना शरीराचे उत्तर एकच कसे? ‘नेचर’ या नियतकालिकात त्याच वर्षी त्यांचे छोटेसे टिपण आले. प्रथम शरीर धोका ओळखून खडबडून जागे होते, मग नेटाने प्रतिकार करते आणि प्रतिकार फार काळ चालला तर थकून कोलमडते, असा क्रम त्यांनी दाखवला.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. उंदरांच्या या व्रणांमुळे माणसाच्या पोटातील व्रणही काळजीनेच होतो, असा समज अनेक वर्षे दृढ होता. तो बहुतांशी एका जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरामुळे होतो, हे आता निश्चित झाले आहे. प्रत्येक दुखणे ‘टेन्शन’च्या माथी मारणे बरोबर नाही. मात्र दीर्घकाळ चालणाऱ्या ताणात कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक चढे राहते आणि झोप, रक्तदाब, स्मरण, रोगप्रतिकारशक्ती यांवर त्याचा परिणाम होतो, याविषयी शंका उरलेली नाही. थोडा वेळ टिकणारा ताण उपकारकही असतो. तार सैल सोडलेल्या तंबोऱ्यातून सूर निघत नाही. अपाय होतो तो न उतरणाऱ्या ताणाने.

असा न उतरणारा ताण कोणाच्या वाट्याला येतो? मोठ्या हुद्द्याच्या, मोठ्या जबाबदारीच्या माणसाच्या, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. १९६७ पासून लंडनमधील सुमारे १८,००० सरकारी कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा चित्र नेमके उलटे दिसले. हृदयविकाराने मरण येण्याचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा शिपाई, निरोपे अशा सर्वांत खालच्या श्रेणीत सुमारे तिप्पट होते आणि धूम्रपान, रक्तदाब यांसारख्या कारणांनी त्या फरकाचा काही भागच उलगडत होता. १९८५ पासून झालेल्या दुसऱ्या पाहणीत एक महत्त्वाचा धागा सापडला : आपले काम कधी, कसे, कोणत्या क्रमाने करायचे हे ज्याच्या हाती नसते, त्याच्या हृदयाला धोका अधिक असतो.

उंदरांवरच्या एका प्रयोगाने याला दुजोरा मिळतो. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारास जे वाइस यांनी दोन उंदरांना अगदी सारखेच विजेचे धक्के दिले. एकाला चाक फिरवून ते थांबवता येत. तो थांबवी तेव्हा दुसऱ्याचेही थांबत. दुसऱ्याच्या हाती काही नव्हते. धक्के तेवढेच, वेळ तेवढाच. परंतु असहाय उंदराच्या जठरात व्रण अधिक झाले. मालक बोलावेल तेव्हा धावणाऱ्या मजुराला किंवा पावसाकडे डोळे लावून बसलेल्या कर्जदार शेतकऱ्याला हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. अशा माणसाला ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला देणे सोपे आहे. ताण तो घेत नसतो, त्याच्यावर येत असतो.

तरीही एकाच प्रसंगात दोन माणसे निराळी वागतात, हेही खरे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस यांच्या मते प्रसंग आणि प्रतिसाद यांच्या मध्ये मन दोन प्रश्न विचारते : ‘यात माझे काय जाणार आहे?’ आणि ‘माझ्या हाती काय आहे?’ या उत्तरांवर प्रतिसाद ठरतो. कोणी अडचणीवरच उपाय करतो, कोणी अडचणीमुळे उसळलेल्या भावनेला शांत करतो. वर उल्लेखिलेल्या स्त्रीने महिनाभर आधी शिलाईच्या कामातून रोज पाऊण तास बाजूला काढला, तर तो पहिला प्रकार. परीक्षेच्या खोलीत ती श्वास सावकाश, लांबवून सोडते आणि त्याने हृदयाची गती खरोखर मंदावते, हा दुसरा. सुटण्याजोगी अडचण असेल तेथे केवळ मन शांत करून भागत नाही. आणि घरात मृत्यू झाला असेल तेथे सोडवण्यासारखे काही उरलेलेच नसते. तेथे माणसांनी येऊन जवळ बसणे हाच उपाय.

जात्यावर बसलेल्या बायकांनी हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या केला. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराची आठवण हे सारे पहाटेच्या ओवीत उतरत असे आणि जात्याचा खुंटा धरलेली दुसरी बाई ते ऐकत असे. त्याने जाच संपत नसे; तो एकटीचा राहत नसे. मनातले सल शब्दांत मांडण्याचा आधुनिक अभ्यासही झाला आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर यांनी काही विद्यार्थ्यांना चार दिवस आपल्या दुःखद अनुभवांविषयी लिहायला सांगितले. पुढील काही महिन्यांत त्यांना दवाखान्यात जाण्याची गरज इतरांपेक्षा कमी पडली. नंतरच्या प्रयोगांत हा लाभ माफक दिसला, पण तो दिसला.

सर्वच प्रतिसाद असे हिताचे नसतात. तंबाखू आणि दारू घटकाभर विसर पाडतात आणि दुसऱ्या दिवशी अडचणीत भर घालतात. कारखान्यातला अपमान घरी येऊन मुलांवर काढणे हाही प्रतिसादच. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात ते हेच.

झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, कशातच रस न वाटणे, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांची मदत घेणे आवश्यक असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारत सरकारने ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक असून ती विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालू असते. तेथे मराठीतही बोलता येते आणि गरजेनुसार पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून दिले जाते.