उसना रणगाडा, आपला चिखल

फेब्रुवारी १९४४, युक्रेन. कोरसुनजवळ जर्मन सैन्य वेढ्यात सापडलंय. त्याला सोडवायला जर्मनांचे टायगर आणि पँथर रणगाडे बाहेरून लिस्यांका गावाच्या दिशेने रेटा देताहेत. त्यांच्या वाटेत उभ्या असलेल्या सोव्हिएत सैन्यात २३३ वी टँक ब्रिगेड आहे आणि तिचे रणगाडे अमेरिकेत बनलेले शर्मन एम४ए२ आहेत. द्मित्री लोझा याच ब्रिगेडचा अधिकारी. पुढे व्हिएन्नातल्या कामगिरीसाठी त्याला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला आणि उतारवयात त्याने शर्मनवरच्या आठवणी लिहिल्या. खालचा दिवस एका तारखेचा नाही. त्या आठवणी आणि त्या हिवाळ्याची हकिकत यांवरून तो जुळवला आहे.

पहाटे ५

कमांडरचं पहिलं काम वायरलेस. बॅटरी उतरली असेल तर रणगाडा बहिरा. सोव्हिएत बनावटीच्या टी-३४ रणगाड्यात बॅटरी भरायची म्हणजे मुख्य इंजिन सुरू करायचं. डिझेल जळतं आणि आवाज शत्रूपर्यंत जातो तो वेगळाच. शर्मनच्या पोटात त्यासाठी एक छोटं वेगळं इंजिन आहे. ते फुरफुरत राहतं आणि सेट चालू राहतो. लोझाने या सेटचं कौतुक हातचं न राखता केलंय. आवाज स्वच्छ येतो, आणि कंपनीतले सगळे रणगाडे एकमेकांशी बोलू शकतात. युद्धाच्या सुरुवातीला कित्येक सोव्हिएत रणगाड्यांना झेंड्यांच्या खुणांवर भागवावं लागत होतं, हे ध्यानात घेतलं की त्या कौतुकाचं वजन कळतं.

सकाळी ६:३०

रात्री पाणी गोठलंय. शर्मनच्या साखळीला रबराच्या गाद्या आहेत. पक्क्या सडकेवर त्या सुरेख चालतात, बर्फावर मात्र तीस टनांचं धूड आडवं घसरत जातं. त्यात उंची २.७४ मीटर, म्हणजे टी-३४ पेक्षा फूटभर जास्त. उतारावर घसरला तर उलटायचीही भीती. म्हणून साखळीला लोखंडी काटे जोडायचे. ते झिजतात, तुटतात, पुन्हा जोडायचे. चालकाचे हात दिवस उजाडण्याआधीच सोललेले.

सकाळी ९

ऊन वर आलं आणि बर्फाचा चिखल झाला. त्या फेब्रुवारीतला चिखल दोन्ही बाजूंच्या लोकांनी शिव्या घालत नोंदवून ठेवलाय. शर्मनची साखळी टी-३४ च्या मानाने अरुंद, त्यामुळे तो लवकर रुततो. यंत्र बनवणाऱ्याने रस्ता धरून हिशेब केला होता. घेणाऱ्याकडे रस्ता नव्हता. तरी कुरकुर करणाऱ्याला जुना जाणकार मटिल्डाची आठवण करून देतो. हे ब्रिटिश रणगाडे ब्रिगेडकडे आधी होते. त्यांच्या बाजूच्या कवचात चिखल शिरायचा, रात्रीत गोठायचा आणि रणगाडा जागचा हलायचा नाही.

सकाळी ११

समोर टायगर. त्याच्या पुढच्या बाजूचं कवच १०० मिलिमीटर जाडीचं. शर्मनची ७५ मिलिमीटरची तोफ तिथे डोकं आपटून घेते, उलट टायगरची ८८ मिलिमीटरची तोफ शर्मनला लांबूनच फोडते. हा हिशेब प्रत्येक तोफचीला पाठ आहे. तेव्हा एकट्याने भिडायचं नाही, जोडीने जायचं. एकाने साखळीवर मारायचं. एका बाजूची साखळी तुटली की दुसऱ्या बाजूच्या जोरावर टायगर गर्रकन वळतो आणि कूस उघडी पडते. जोडीदार त्या क्षणाचीच वाट बघत असतो, त्याचा गोळा तिथे. सांगायला सोपं, प्रत्यक्षात पहिला रणगाडा आमिष असतो आणि आतल्या पाचांनाही ते ठाऊक असतं. इथे पहाटेचं ते छोटं इंजिन कामी येतं, कारण दोन रणगाड्यांचा हा डाव वायरलेसशिवाय जमणारच नाही. मला तरी वाटतं, शर्मनचं खरं हत्यार तोफ नव्हतं, तो सेट होता.

दुपारी २

जेवण. डब्यातलं अमेरिकन मांस, सैनिकांच्या भाषेत ‘दुसरी आघाडी’. पश्चिमेकडून लढाईची आघाडी उघडायचं वचन मिळालं होतं, आले ते डबे. रणगाडा राखणीशिवाय सोडायचा नाही, अशी कमांडरची ताकीद. भीती जर्मनांची नाही, आपल्याच पायदळाची: आतल्या बैठका चांगल्या नकली चामड्याच्या आहेत, कोणीतरी कापून नेतो आणि बूट शिवतो.

दुपारी ४

एका शर्मनला गोळा लागला, धूर निघाला. टी-३४ पेटला की त्यातले गोळे फुटतात आणि बुरूज उडतो, म्हणून लोक जीव घेऊन लांब पळतात. लोझाचा अनुभव वेगळा: पेटलेल्या शर्मनमधले गोळे स्फोट होऊन फुटत नसत. एकदा तर तो साथीदारांसह आपल्याच जळत्या रणगाड्याखाली शिरून बसला, कारण बाहेर गोळीबार चालू होता. त्याच शर्मनला पश्चिमेकडच्या सैनिकांनी सहज पेट घेणारा म्हणून बदनाम केलं होतं. रणगाड्याबद्दलचं मत तो कुठे आणि कोणाच्या हातात होता यावर किती अवलंबून असतं, पाहा. आपल्याकडे १९६५ च्या युद्धात असल उत्तडच्या लढाईत डेक्कन हॉर्स या भारतीय रेजिमेंटकडे जुने शर्मनच होते आणि समोर पाकिस्तानचे नवेकोरे पॅटन. दोन्ही अमेरिकेचे, हरले पॅटन.

संध्याकाळी ७

रणगाड्याबरोबर आलेली टॉमी गन साफ करायची. दिसायला देखणी, पण तिची गोळी जाड कापूस भरलेल्या कोटातून नीट पार होत नाही, अशी तक्रार. बहुतेकांना त्यापेक्षा जर्मन बंदूक बरी वाटते.

रात्री ९

टाकी भरायला सुमारे ५६० लिटर डिझेल. ट्रक चिखलात मागे अडकलेत, म्हणून सगळ्यांना थोडंथोडं. मग गोळ्यांची मोजदाद, काट्यांची तपासणी आणि कमांडरचा अहवाल. त्यात काय बिघडलं तेवढंच लिहायचं असतं. काय चांगलं चाललं हे लिहायला रकाना नाही, आणि युद्धानंतर तर परदेशी मदतीबद्दल बरं बोलणं बरीच वर्षं अवघडच होतं. लोझाचं पुस्तक इंग्रजीत आलं १९९६ मध्ये, सोव्हिएत संघ मोडल्यावर.

रात्री ११

हुकूम आला: अंधारातच जागा बदला. आता रबराच्या त्याच गाद्या उपयोगी. टी-३४ ची लोखंडी खडखड दूरवर ऐकू जाते, शर्मन मात्र गावाच्या पक्क्या रस्त्यावरून गुपचूप निघतो. चालक कमांडरला विचारतो, काटे काढू का? कमांडर म्हणतो, राहू दे, पहाटे पुन्हा बर्फ होईल.