अपेश पदरी पडल्यावरची श्रद्धा

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीला मुक्काम करते, सणसर आणि निमगाव केतकीमार्गे इंदापूरला येते आणि सराटीला नीरा ओलांडून अकलूजकडे जाते. ज्या संताच्या पादुका या पालखीत असतात, त्याचा संसार दुष्काळाने मोडला होता. दुकानाचे दिवाळे निघाले, पहिली बायको आणि मुलगा गेला, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे वाट्याला आलेली कर्जखते त्याने इंद्रायणीत सोडून दिली. संकटातून भक्ती उभी राहते ही गोष्ट त्यामुळे मराठी माणसाला नवी नाही. मात्र ती आपण इतक्या सहजपणे मान्य करतो, की मधला प्रश्न निसटतो. दुष्काळात हजारोंचे संसार मोडले, तरी तुकोबा एकच झाले. मग अपयशातून श्रद्धा वाढते ती नेमकी कशामुळे? या प्रश्नाच्या उत्तराचा चांगला पुरावा धर्मप्रसारासाठी परमुलखातून इकडे आलेल्या मिशनऱ्यांच्या इतिहासात मिळतो. जगाच्या हिशेबाने त्यांच्यातले बरेच जण हरले. माझे म्हणणे असे, की अपयश श्रद्धा देत नाही. यश कशाला म्हणायचे याचा हिशेब जेव्हा अपयश बदलायला लावते, तेव्हाच श्रद्धा वाढते.

मॉर्मन पंथाचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३०मध्ये अमेरिकेत हा पंथ स्थापन केला. त्याचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. सुरुवातीपासून प्रचार हाच त्याचा प्राण होता आणि प्रचारक पगारी नसत. घरदार मागे ठेवून, पदरी पैसा न घेता, लोक देतील त्यावर निभावायचे अशी रीत होती. १८५२च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या परिषदेत हिंदुस्थानासाठी माणसे नेमली गेली आणि ती शिडाच्या जहाजातून १८५३मध्ये कलकत्त्याला पोहोचली. मुंबईत त्याआधीच, १८५२मध्ये, ह्यू फिंडली नावाचा स्कॉटिश प्रचारक ब्रिटनहून येऊन उतरला होता. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. तो पुण्याला आला, तर लष्कराच्या अधिकाऱ्यांनी छावणीत प्रचार करायला मज्जाव केला. गोऱ्या शिपायांवर त्याची भिस्त होती आणि नेमके तेच दार बंद झाले. मग त्याने देशी वस्तीकडे तोंड वळवले आणि मराठीचा अभ्यास सुरू केला. पुण्यात युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि देशी अशा मोजक्या माणसांची लहानशी मंडळी उभी राहिली. १८५५मध्ये तो परत गेला आणि वर्षभरात ही सगळी हिंदुस्थानी मोहीमच आटोपली.

या अपयशाची कारणे नुसत्या विरोधात नव्हती. ज्या परिषदेत माणसे नेमली, त्याच परिषदेत बहुपत्नीत्वाची चाल जाहीरपणे मान्य केली गेली. ती बातमी इकडे पोहोचल्यावर प्रचारकांना कोणी उभे करीना. दुसरे कारण पंथाच्या शिकवणीतच होते. नव्या अनुयायाने अमेरिकेत यूटाला जाऊन तिथल्या मॉर्मन समाजात सामील व्हावे अशी अपेक्षा असे. त्यामुळे जो माणूस मिळे तोही शक्य तितक्या लवकर जहाजावर चढे आणि मागे मंडळी रिकामी पडे. तिसरे कारण आपल्या समाजाच्या घडणीत होते. इथे धर्म सोडणे म्हणजे घर, जात, गाव आणि पोटापाण्याचा धंदा सोडणे. पगार न देणारा, उद्या निघून जाणारा परदेशी माणूस त्या बदल्यात कुठला आधार देणार होता? म्हणून फिंडलीकडे पाहताना माणसे मोजण्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा. दार बंद झाल्यावर त्याने काय केले? तो मराठी शिकायला बसला. ज्यांना शिकवायला आलो त्यांच्याकडूनच आधी शिकायचे, हा नम्रपणा त्याला छावणीच्या बंद दाराने दिला. आध्यात्मिक वाढ मी यालाच म्हणतो.

याच कसोटीवर अमेरिकन मराठी मिशन घासून पाहता येते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले, तेव्हा कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना हद्दपार करण्याचे हुकूम निघाले. त्यांच्याबरोबर अमेरिकेहून निघालेली हॅरिएट न्यूएल ही एकोणीस वर्षांची मुलगी मॉरिशसलाच वारली होती. नॉट तब्येतीमुळे परतला. हॅरिएटचा नवरा सॅम्युएल न्यूएल १८२१मध्ये आणि स्वतः हॉल १८२६मध्ये पटकीला बळी पडला. इतक्या वर्षांत धर्मांतरे जवळजवळ नाहीतच. पण मधल्या काळात या लोकांनी मराठी शाळा काढल्या, मुलींसाठी शाळा सुरू केली आणि छापखाना घातला. हॉलच्या मृत्यूच्या वर्षीच मराठी नवा करार छापून झाला. त्या छापखान्याचे काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी मिशनच्याच छापखान्यात हात बसवून पुढे गेले. पंचांगे, पोथ्या आणि संस्कृत ग्रंथ घरोघर नेणाऱ्या मराठी मुद्रणाचे एक मूळ अशा रीतीने एका फसलेल्या धर्मप्रचारात आहे. हॉलला हे अभिप्रेत नव्हते. पण फळ दिसत नसतानाही त्याने भाषेचे काम सोडले नाही, आणि श्रद्धेचा कस तिथे लागला.

बारामती-इंदापुरात याचा तिसरा दाखला मिळतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख. नीरेच्या डाव्या कालव्याखालचा भाग बागायत झाला, पण उरलेला जिरायती पट्टा पावसाच्या लहरीवर राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या मंडळीच्या मिशनरींनी बारामतीत बस्तान बसवले. अनेक दशकांच्या कामानंतरही ख्रिस्ती समाज लहानच राहिला. मग १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातला दुष्काळ आला. कासा या चर्चच्या मदतसंस्थेमार्फत आलेले धान्य फुकट वाटण्याऐवजी त्याच्या मोबदल्यात पाझर तलाव बांधावेत अशी योजना झाली. १९६७मध्ये आमदार झालेले शरद पवार त्यात पुढे होते आणि मिशनरींच्या या साथीचा उल्लेख त्यांनी पुढे जाहीरपणे केला आहे. पाझर तलावाची रीत साधी. ओढ्यावर मातीचा बांध, पोटात काळ्या चिकणमातीचा गाभा, पाण्याच्या अंगाला दगडांचे पिचिंग, कडेला सांडवा. त्याला कालवा नाही, मोट नाही. अडलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. या कामांच्या अनुभवातून १९७१मध्ये बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि अप्पासाहेब पवारांनी तो वाढवला. बांधावर पाटी टाकणाऱ्याला त्याचा देव कोणता हे विचारायचे कारण उरले नाही. माणसे आपल्या पंथात आणायला आलेल्यांच्या वारसांनी गावच्या विहिरींना पाणी आणणे हीच सेवा मानली. हिशेब बदलला तो असा.

यावर पहिला आक्षेप असा, की ही हरलेल्याची समजूत आहे. जिंकलो तर देवाची कृपा, हरलो तर देवाची परीक्षा, म्हणजे श्रद्धा कधी खोटी ठरतच नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच मनातल्या समाधानाला मी पुरावा मानत नाही. पुरावा वागणुकीत शोधावा. नुसती समजूत माणसाला होता तिथेच ठेवते. वाढ झाली असेल तर तो परक्याची भाषा शिकतो, कामाची रीत पालटतो, श्रेय दुसऱ्याला जाऊ देतो. या गोष्टी बाहेरून दिसतात, तपासता येतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष, असे म्हटले जाते. १८७६-७८च्या आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत मिशनांच्या आश्रयाला आलेल्या कित्येकांनी धर्म बदलला, हे खरे आहे. उपाशी माणसाच्या होकाराला स्वतंत्र निवड म्हणणे कठीण. तरीही सगळ्या सेवेला एकच शिक्का मारण्याआधी तिचा लाभ कोणत्या अटीवर मिळाला, हे पाहावे. मुरलेले पाणी उताराने जाते, त्याला अट घालता येत नाही. हेही सांगितले पाहिजे, की ते विहीरवाल्याला मिळाले आणि भूमिहीनाच्या वाट्याला मजुरीचे धान्यच आले. म्हणजे ही सेवाही अपुरीच होती, पण आमिष नक्की नव्हती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत टोचतो. जे टिकले त्यांच्याच कहाण्या उरल्या. जे मोडून पडले, त्यांची पत्रे कोण जपणार? मॉर्मन पंथात आजही तरुण दोन वर्षे आणि तरुणी दीड वर्ष जोडीने प्रचाराला जातात. भारतातले त्यांचे काम शतकाहून मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू झाले आणि १९९३मध्ये बंगळुरूला मिशनचे केंद्र झाले. आजारपणाने किंवा मनाच्या ताणाने मुदतीआधी घरी परतणाऱ्या तरुणाला त्या समाजात आपण हरलो असे वाटते. त्याला ‘संकटातून श्रद्धा वाढते’ असे ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल. संकट कोणालाही आपोआप मोठे करत नाही. सोबत लागते, वेळ लागतो, आणि मान खाली न घालता परत येण्याची मोकळीक लागते. नॉट परतला म्हणून त्याची श्रद्धा हॉलपेक्षा हलकी ठरत नाही.

म्हणून श्रद्धावान संस्थांनी, मग ती चर्चे असोत, मठ असोत की दिंड्या, आपला अहवाल वेगळ्या रीतीने लिहायला शिकले पाहिजे. किती माणसे जोडली याच्या शेजारी आपण कोणाकडून काय शिकलो, कोणती रीत टाकून दिली आणि थकलेल्याला कसे घरी नेले, हेही त्यात यावे. फिंडलीच्या अहवालात आकडा लहान होता, पण या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर त्याच्याजवळ होते. ज्यांच्याजवळ मोठे आकडे आहेत, त्यांनीही हे प्रश्न स्वतःला विचारावेत. कारण अपयशाने जे शिकवले ते यशाच्या दिवसांत टिकले, तरच ती श्रद्धेची वाढ म्हणायची.