दुसरी प्रत कुठे आहे?

१० मार्च २०२१. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात, ऱ्हाइन नदीलगतच्या एका आवारात ‘ओव्हीएच’ या क्लाउड कंपनीची डेटा सेंटरं आहेत. रात्री साडेबारा उलटून गेल्यावर त्यांतल्या एका पाच मजली इमारतीला आग लागली. सकाळपर्यंत ती जळून खाक झाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. माणसं सगळी सुखरूप राहिली, पण लाखो संकेतस्थळं बंद पडली. कंपनीच्या संस्थापकाने ट्विटरवरून ग्राहकांना कळवलं, की आपापली आपत्कालीन योजना सुरू करा. ‘रस्ट’ या ऑनलाइन खेळाचे युरोपातले पंचवीस सर्व्हर त्या रात्री गेले आणि त्यांवरची माहिती पुन्हा मिळाली नाही. एका ग्राहकाने तर बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजले होते. ती प्रत मूळ डेटा होता त्याच इमारतीत ठेवलेली निघाली. प्रकरण न्यायालयात गेलं, भरपाईचा आदेशही झाला.

‘एकदा क्लाउडवर टाकलं की काळजी मिटली,’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. काळजी कमी होते, हे खरं. पण तिच्यातली किती क्लाउड कंपनी वाहते आणि किती आपल्याच गळ्यात राहते, हा हिशेब धंदा करणाऱ्याने सही करण्याआधी मांडायला हवा.

ताकद भाड्याने

क्लाउडचा आजचा बाजार उभा राहिला २००६ साली. अ‍ॅमेझॉनने मार्चमध्ये डेटा साठवण्याची आणि ऑगस्टमध्ये तासाच्या दराने संगणक वापरायला देण्याची सेवा आणली. सुरुवातीचा दर होता तासाला दहा सेंट. हे शक्य झालं व्हर्च्युअलायझेशनमुळे. एका दणकट सर्व्हरवर ‘हायपरव्हायझर’ नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. ते प्रोसेसरचे आणि मेमरीचे वाटे पाडतं आणि प्रत्येक वाटा स्वतंत्र संगणकासारखा चालतो. चाकणचा कारखाना आणि कोचीचं रुग्णालय एकाच यंत्रावर काम करत असतील, तरी एकाला दुसऱ्याची चाहूल लागत नाही. शिवाय हे वाटे काही मिनिटांत वाढवता येतात, नको झाले की सोडूनही देता येतात.

याचा अर्थ काय, ते १० जुलै २०१९ रोजी दिसलं. मँचेस्टरला विश्वचषकाची भारत-न्यूझीलंड उपांत्य लढत सुरू होती आणि धोनी खेळत होता. हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक सामना पाहत होते. धोनी धावबाद झाला आणि थोड्याच वेळात गर्दी पांगली. आता सर्व्हरवरचा भार उतरला, असं वाटेल. पण सामना सोडणारा माणूस ‘बॅक’ दाबतो आणि अ‍ॅपच्या मुख्य पानावर येतो. चित्र दाखवणारे सर्व्हर रिकामे होत असतात, त्याच वेळी मुख्य पान पुरवणाऱ्या सर्व्हरवर लोंढा आदळतो. त्यामुळे प्रेक्षक घटले म्हणून लगेच सगळी यंत्रं सोडून चालत नाही. आधी किती घ्यायची, कुठली कधी सोडायची, याची आखणी अभियंत्यांना सामन्याआधीच करावी लागते. २०२३च्या अंतिम सामन्याला हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. एवढ्या गर्दीपुरती यंत्रं विकत घेऊन ठेवली असती, तर वर्षातले बाकीचे दिवस ती धूळ खात पडली असती.

ज्याचं काम बारा महिने एकाच चालीने चालतं, त्याला मात्र भाडं अंगावर येऊ शकतं. ‘बेसकॅम्प’ बनवणाऱ्या ‘३७सिग्नल्स’ या अमेरिकी कंपनीचा २०२२ मधला क्लाउडचा खर्च ३२ लाख डॉलर झाला. मग तिने स्वतःचे सर्व्हर घेतले आणि क्लाउडवरून मुक्काम हलवला.

तीन जागा, एक लॉग-इन

सुरक्षेच्या बाबतीत क्लाउडची खरी ताकद अंतरात आहे. मोठ्या कंपन्या एकाच प्रदेशात एकमेकांपासून काही किलोमीटरवर डेटा सेंटरं उभारतात. प्रत्येकाची वीज वेगळी, जोडणी वेगळी. मायक्रोसॉफ्टची केंद्रं पुणे, मुंबई आणि चेन्नईत २०१५ पासून आहेत, अ‍ॅमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून. अ‍ॅमेझॉनच्या नेहमीच्या साठवण सेवेत फाइल किमान तीन ठिकाणी विभागून राहते. तिचे तुकडे करताना गणिताने काही जादा तुकडे तयार केले जातात. काही हरवले, तर उरलेल्यांवरून फाइल पुन्हा जुळवता येते. कंपनीचा हिशेब असा, की एक कोटी फाइली ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी गमवावी लागेल.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरात तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची हार्ड डिस्क दोन्ही एकदमच जातात. स्ट्रासबुर्गला जे आगीने केलं, ते इथे पाणी करतं. दुसरी प्रत दुसऱ्या गावी असेल, तर पाणी ओसरल्यावर लॅपटॉप उघडून उधारीची यादी तरी काढता येते.

पण या यंत्रणेला एक गोष्ट कळत नाही: आज्ञा देणारा मालक आहे की चोर. योग्य लॉग-इनवरून ‘पुसा’ असा हुकूम आला, की ती तिन्ही ठिकाणांहून तितक्याच चोखपणे पुसते. ‘कोड स्पेसेस’ ही कंपनी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमचा कोड सांभाळण्याचं काम अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर करायची. जून २०१४ मध्ये तिच्यावर हल्ला झाला. चोर थेट तिच्या क्लाउडच्या नियंत्रण फलकात शिरला होता आणि तिथेच त्याने खंडणीचा निरोप ठेवला होता. कंपनीने घाईघाईने पासवर्ड बदलायला घेतले. पण त्याने स्वतःसाठी जादा लॉग-इन आधीच करून ठेवले होते. हालचाल दिसताच तो एकेक गोष्ट पुसत सुटला. बारा तासांत बहुतेक डेटा गेला, बॅकअपही गेले आणि कंपनीने गाशा गुंडाळला. क्लाउडच्या इमारतीला तर धक्काही लागला नव्हता.

एन्क्रिप्शनचंही असंच. डेटा सांकेतिक रूपात ठेवला, की हार्ड डिस्क चोरून नेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण ज्याच्याकडे परवानगी आहे, त्याला यंत्रणा तो आपणहून उलगडून देते. २०१९ मध्ये ‘कॅपिटल वन’ या अमेरिकी बँकेच्या सुमारे १० कोटी ६० लाख ग्राहकांची आणि अर्जदारांची माहिती बाहेर गेली. कारण होतं चुकीच्या मांडणीचा फायरवॉल आणि त्याला दिलेली गरजेपेक्षा जास्त मोकळीक. नियामकाने पुढे ८ कोटी डॉलरचा दंड केला, तो बँकेला. क्लाउड कंपन्यांच्या करारांत ही विभागणी स्पष्ट असते: इमारत, यंत्रं आणि हायपरव्हायझर त्यांचे, खाती, परवानग्या आणि डेटा ग्राहकाचे.

म्हणून छोट्या धंद्यानेही काही गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाकाव्यात. मुख्य खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी लावायची आणि ते खातं रोजच्या कामाला वापरायचं नाही. बिलं करणाऱ्याला बिलांपुरतीच परवानगी द्यायची. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉग-इन त्याच संध्याकाळी बंद करायचं. आणि बॅकअप वेगळ्या खात्यात, ठरावीक मुदतीपर्यंत मालकालाही पुसता येणार नाही, अशा कुलपात ठेवायचा.

कायदाही आता याच दिशेने बोलतो. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार, नोंदणीकृत कंपनी हिशेबाच्या वह्या संगणकावर ठेवत असेल, तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज व्हायला हवा. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे. सर्व्हर परदेशी कंपनीचा असला, म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

परत आणून पाहिलं का?

आता राहिली खुद्द क्लाउड कंपनीची चूक. ‘युनिसुपर’ हा ऑस्ट्रेलियातला सहा लाखांहून जास्त सभासदांचा निवृत्तिवेतन निधी. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडवरची त्याची यंत्रणा एकाएकी नाहीशी झाली. ती उभारताना गुगलच्या बाजूने एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे आपोआप एका वर्षाची मुदत लागली, आणि वर्ष भरताच ती आपोआप पुसली गेली. दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रतही त्यात गेली. निधीने दुसऱ्या एका कंपनीकडेही बॅकअप ठेवले होते, त्यांचा मोठा आधार झाला. तरीही कारभार आठवडाभराहून जास्त विस्कळीत राहिला.

प्रत आहे, एवढ्यावरही निर्धास्त राहता येत नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री ‘गिटलॅब’ या कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबीच्या डेटाबेसमधले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, त्यांतली एकही वेळेला कामी आली नाही. रोजचा बॅकअप जिथे जमा व्हायचा ती जागा रिकामी होती, कारण बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती. तशी सूचना देणारे ई-मेल निघत होते, पण ते वाटेतच नाकारले जात होते. चाचणीसाठी सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीने कंपनी तरली.

तेव्हा महिन्यातून एकदा, दुसऱ्याच संगणकावर, सगळा हिशेब बॅकअपमधून परत उभा करून पाहावा. मागच्या वर्षीचं एखादं बिल उघडतं का, जीएसटीचे आकडे जुळतात का, ते तपासावं आणि या सगळ्याला किती तास लागले, ते लिहून ठेवावं. तेवढे तास दुकान बंद ठेवणं परवडतं का? परवडत असेल, तर स्वस्तातली योजनाही पुरेल. नसेल, तर दरपत्रक मागवताना आधी हा तासांचा आकडा समोर ठेवावा आणि पैशांचं नंतर बोलावं.