बेथनल ग्रीन भुयारी रेल्वे स्थानक

बेथनल ग्रीन हे इंग्लंडमधील लंडन शहराच्या पूर्व भागातील, लंडन अंडरग्राउंड ह्या भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. ते सेंट्रल मार्गावर लिव्हरपूल स्ट्रीट व माइल एंड ह्या दोन स्थानकांच्या मध्ये आहे. प्रवासी वाहतुकीसाठी हे स्थानक ४ डिसेंबर १९४६ रोजी खुले झाले. मात्र त्याचा वापर त्यापूर्वी सहा वर्षे, म्हणजे १९४० पासूनच, हवाई हल्ल्यांपासून संरक्षण देणारा निवारा म्हणून होत होता. ह्या काळात, ३ मार्च १९४३ रोजी, स्थानकात उतरणाऱ्या जिन्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत १७३ जण मृत्युमुखी पडले. लंडन अंडरग्राउंडच्या आवारात एकाच घटनेत झालेली ही सर्वात मोठी जीवितहानी होय. त्या रात्री ह्या परिसरात एकही बॉम्ब पडला नव्हता.

स्थान व नाव

केंब्रिज हीथ रोड, बेथनल ग्रीन रोड व रोमन रोड हे रस्ते जेथे एकत्र येतात, त्या चौकाखाली हे स्थानक आहे. हा भाग आज टॉवर हॅम्लेट्स ह्या बरोमध्ये मोडतो. ‘बरो’ हा लंडनच्या स्थानिक प्रशासनाचा एक घटक असून त्याचा कारभार निर्वाचित परिषदेकडे असतो. १९६५ पूर्वी बेथनल ग्रीन हा स्वतंत्र बरो होता. युद्धकाळात ह्या निवाऱ्याची व्यवस्था त्याच्याच परिषदेकडे होती.

चौकालगत वास्तुविशारद सर जॉन सोन ह्यांच्या आराखड्यानुसार १८२६ ते १८२८ ह्या काळात बांधलेले सेंट जॉन चर्च आहे. चौकापासून जवळच बालकांसाठीचे ‘यंग व्ही अँड ए’ हे संग्रहालयही आहे. बेथनल ग्रीन ह्याच नावाचे आणखी एक स्थानक थोड्या अंतरावर आहे. ते जमिनीच्या वरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील स्थानक असून लंडन ओव्हरग्राउंडच्या जाळ्याचा भाग आहे. दोन्ही स्थानके परस्परांशी जोडलेली नाहीत. त्यामुळे नावाच्या सारखेपणावरून गल्लत होण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी

सेंट्रल मार्गाचा पहिला टप्पा १९०० साली शेफर्ड्स बुश ते बँक असा सुरू झाला आणि १९१२ मध्ये तो लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत वाढविण्यात आला. त्यापलीकडचा पूर्व लंडनचा दाट वस्तीचा कामगारबहुल भाग ह्या मार्गापासून वंचितच राहिला. १९३३ साली लंडनमधील भुयारी रेल्वे, बस व ट्राम ह्यांचे व्यवस्थापन एका सार्वजनिक मंडळाकडे सोपविण्यात आले. त्यानंतर १९३५ ते १९४० ह्या काळासाठी आखलेल्या विस्तार योजनेत सेंट्रल मार्ग पूर्वेकडे नेण्याचे ठरले. बेथनल ग्रीन हे त्या विस्तारातील पहिले नवे स्थानक होते.

कामास १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रारंभ झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा बोगदे बरेचसे खोदून झाले होते, परंतु रूळ टाकलेले नव्हते. मनुष्यबळ व साहित्य युद्धकार्याकडे वळविण्यात आल्याने पुढे काम थांबले आणि जमिनीखाली एक अपूर्ण, रिकामे स्थानक शिल्लक राहिले.

युद्धकाळातील निवारा

७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानांनी लंडनवर रात्रीमागून रात्र बॉम्बवर्षाव सुरू केला. हे हल्ले ‘ब्लिट्झ’ ह्या नावाने ओळखले जातात. गोदी व कारखाने जवळ असल्याने पूर्व लंडनला त्यांची झळ सर्वाधिक बसली. भुयारी स्थानकांचा निवारा म्हणून वापर करण्यास सरकार आरंभी अनुकूल नव्हते. परंतु नागरिक तिकिटे काढून खाली उतरत आणि रात्रभर तेथेच मुक्काम करीत. अखेर सरकारला आपले धोरण बदलावे लागले. ऑक्टोबर १९४० मध्ये बेथनल ग्रीनचे अपूर्ण स्थानक निवाऱ्यासाठी ताब्यात घेण्यात आले.

येथे रेल्वेगाड्या धावत नसल्याने केवळ फलाटच नव्हे, तर संपूर्ण बोगदे वापरण्यास मोकळे होते. त्यात सुमारे ५,००० लोकांसाठी एकावर एक अशा झोपण्याच्या फळ्या बसविण्यात आल्या. त्याशिवाय आणखी सुमारे २,००० लोकांना सामावून घेता येत असे. पुढे तेथे उपाहारगृह, दवाखाना, बालवाडी व छोटे नाट्यगृह ह्यांचीही सोय झाली. ब्लिट्झच्या पहिल्याच रात्री बेथनल ग्रीनचे सार्वजनिक ग्रंथालय बॉम्बमुळे उद्ध्वस्त झाले होते. त्याची एक शाखा १९४१ मध्ये बोगद्यात, रूळांसाठी राखलेल्या जागेवर, उघडण्यात आली. तेथे सुमारे ४,००० पुस्तके होती. शेकडो कुटुंबांचे सायंकाळनंतरचे जीवन ह्या बोगद्यात जाई. अंथरूण-पांघरूण घेऊन खाली उतरणे हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग झाला होता.

प्रवेशमार्गातील दोष

हजारो लोकांच्या ह्या निवाऱ्यात उतरण्यासाठी वापरात असलेला मार्ग मात्र एकच होता. रस्त्यावरून १९ पायऱ्यांचा सरळ जिना एका लहान चौथऱ्यावर उतरे. तेथून काटकोनात वळून ७ पायऱ्यांनंतर तिकीटगृह लागे. जिना सुमारे १० फूट रुंद होता. त्याच्या मध्यभागी कठडा नव्हता, त्यामुळे मधून उतरणाऱ्याला धरण्यास काहीच नसे. रात्री शत्रूच्या विमानांना दिवे दिसू नयेत म्हणून कडक प्रकाशबंदी असल्याने सबंध जिन्यावर केवळ २५ वॅटचा एक झाकलेला दिवा होता. पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगाने ठळक केलेल्या नव्हत्या.

हा धोका अगोदर कोणाच्याच ध्यानात आला नव्हता असे नाही. प्रवेशद्वाराभोवतीचे लाकडी कुंपण गर्दीच्या रेट्याने मोडेल, ह्या भीतीने बरोच्या परिषदेने ऑगस्ट १९४१ मध्ये तेथे भक्कम विटांचे बांधकाम करण्यासाठी लंडन विभागाच्या नागरी संरक्षण अधिकाऱ्यांकडे खर्चाची मंजुरी मागितली होती. ती नाकारण्यात आली.

३ मार्च १९४३ ची दुर्घटना

१९४३ च्या प्रारंभापर्यंत हल्ल्यांची तीव्रता ओसरली होती आणि निवाऱ्यात नियमित झोपणाऱ्यांची संख्याही घटली होती. तथापि १ मार्चच्या रात्री ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर मोठा हल्ला केल्याने त्याची परतफेड होणार, अशी लंडनवासीयांची अपेक्षा होती.

३ मार्च रोजी रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी इशाऱ्याचा भोंगा वाजला. त्या वेळी सुमारे ५०० लोक निवाऱ्यात होते. पुढील दहा मिनिटांत आणखी सुमारे १,५०० लोक कोणताही गोंधळ न होता खाली उतरले. ८ वाजून २७ मिनिटांनी जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानवेधी अग्निबाणांचा एकत्रित मारा करण्यात आला. हे अस्त्र नवीन होते आणि त्याचा कानठळ्या बसविणारा आवाज परिसरातील लोकांनी पूर्वी ऐकलेला नव्हता. बॉम्ब पडत आहेत अशा समजुतीने प्रवेशद्वाराशी जमलेले लोक एकदम पुढे सरकले.

त्याच सुमारास जिन्याच्या तळापासून तिसऱ्या पायरीजवळ एक स्त्री तोल जाऊन पडली. तिच्यावर एक वृद्ध गृहस्थ पडले आणि त्यांच्यावर मागून येणारे लोक. वरच्या लोकांना अंधारात खाली काय घडले ते दिसत नव्हते. वाट अडली आहे हे न कळल्याने ते पुढे सरकतच राहिले. अवघ्या काही सेकंदांत सुमारे ३०० लोक त्या अरुंद जागेत एकमेकांवर घट्ट दाबले गेले. बहुतेकांचा मृत्यू श्वास कोंडल्याने झाला. देह परस्परांत इतके अडकले होते की तळाच्या लोकांना ओढून बाहेर काढणे शक्य होईना. वरून एकेकाला दूर करीत जिना मोकळा करण्यास सुमारे तीन तास लागले.

मृतांमध्ये २७ पुरुष, ८४ स्त्रिया व ६२ मुले होती. ह्याशिवाय साठाहून अधिक जखमींना रुग्णालयात नेण्यात आले. अनेक कुटुंबे एकत्रच निवाऱ्याकडे निघालेली असल्याने एकाच घरातील अनेक माणसे दगावली. काही मृतदेह समोरच्या सेंट जॉन चर्चमध्ये ठेवण्यात आले होते.

चौकशी व गोपनीयता

ह्या बातमीमुळे जनतेचे मनोधैर्य खचेल व शत्रूला प्रचारासाठी निमित्त मिळेल, ह्या विचाराने तिच्यावर निर्बंध घालण्यात आले. आरंभीच्या वृत्तांत स्थानकाचे नाव देण्यात आले नव्हते. तत्कालीन गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन ह्यांनी दंडाधिकारी लॉरेन्स डन ह्यांच्याकडे चौकशी सोपविली. ती बंद दाराआड झाली आणि मार्च महिन्यातच अहवाल तयार झाला. परंतु तो तेव्हा प्रकाशित करण्यात आला नाही.

दुर्घटनेनंतर परिसरात अनेक अफवा पसरल्या. फॅसिस्ट गटांनी मुद्दाम घबराट निर्माण केली, असे काही जण म्हणत; तर काहींनी ज्यू रहिवाशांना दोष दिला. डन ह्यांनी ह्या दोन्ही आरोपांना आधार नसल्याचे स्पष्ट केले. मात्र अहवालच गुप्त राहिल्याने हे निरसन लोकांपर्यंत पोहोचले नाही. बरोच्या परिषदेचीही अशीच कोंडी झाली. दुरुस्तीची मागणी केली असता ती वरून नाकारण्यात आली, हे तिला जाहीरपणे सांगता येईना आणि रहिवाशांचा रोष तिच्यावरच राहिला.

एका मृत व्यक्तीच्या पत्नीने परिषदेविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. १९४४ मध्ये न्यायालयाने परिषदेला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले व पुढे अपील न्यायालयातही तो निर्णय कायम राहिला. त्यानंतर इतर कुटुंबांचे दावे निकालात निघाले. भरपाईची एकूण रक्कम सुमारे ६० हजार पौंड होती. डन ह्यांचा अहवाल जानेवारी १९४५ मध्ये श्वेतपत्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

दुर्घटनेनंतर लगोलग जिन्याच्या मध्यभागी कठडे बसविण्यात आले व प्रकाशाची व्यवस्था सुधारण्यात आली. ही कामे अल्प खर्चाची होती.

रेल्वे स्थानक म्हणून प्रारंभ

युद्ध संपल्यावर बोगद्यांतील फळ्या व इतर बांधकामे काढून रखडलेले काम पुन्हा हाती घेण्यात आले. लिव्हरपूल स्ट्रीट ते स्ट्रॅटफर्ड हा टप्पा ४ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाला आणि त्याबरोबर बेथनल ग्रीन येथून प्रवासी वाहतूक सुरू झाली.

रचना

ह्या स्थानकाला रस्त्याच्या पातळीवर इमारत नाही. चौकाच्या कोपऱ्यांवरील जिने भुयारी पादचारी मार्गांनी चौकाखालच्या तिकीटगृहाला मिळतात. तिकीटगृहातून तीन सरकते जिने खोलवरच्या फलाटांपर्यंत जातात. फलाट दोन आहेत: फलाट क्रमांक १ वरून पश्चिमेकडे, म्हणजे मध्य लंडनच्या दिशेने, तर फलाट क्रमांक २ वरून पूर्वेकडे गाड्या सुटतात. दोन्ही फलाट स्वतंत्र गोलाकार बोगद्यांत असून त्यांच्यामधील दालनात सरकते जिने उतरतात. रस्त्यापासून फलाटापर्यंत उद्वाहनाची सोय नाही.

ज्या जिन्यावर दुर्घटना घडली तो आजही स्थानकाचा एक प्रवेशमार्ग आहे आणि त्यावरून प्रवाशांची रोज ये-जा असते.

फलाटांच्या भिंतींवर फिकट पिवळसर रंगाच्या फरश्या असून त्यांत अधूनमधून उठावाची चित्रे असलेल्या फरश्या बसविल्या आहेत. ह्या चित्रांची रचना कलावंत हॅरॉल्ड स्टेब्लर ह्यांनी १९३० च्या दशकात केली. लंडन व आसपासच्या परगण्यांची मानचिन्हे, संसद भवन, भुयारी रेल्वेचे तत्कालीन मुख्यालय, तसेच १९३६ साली आगीत नष्ट झालेला क्रिस्टल पॅलेस इत्यादी विषय त्यांत आढळतात. २००७ च्या सुमारास झालेल्या नूतनीकरणात ह्या फरश्यांच्या जुन्या स्वरूपाला बाध येऊ दिला गेला नाही.

स्मारके

दुर्घटनेनंतर अनेक दशके घटनास्थळी तिची कोणतीही खूण नव्हती. पन्नासाव्या स्मृतिदिनानिमित्त १९९३ मध्ये जिन्याच्या वर एक स्मृतिफलक लावण्यात आला. पुढे वाचलेल्या व्यक्ती व मृतांचे नातेवाईक ह्यांच्या पुढाकाराने एक विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि तिने मोठ्या स्मारकासाठी लोकवर्गणीतून निधी उभारला. स्थानकालगतच्या बेथनल ग्रीन गार्डन्स ह्या उद्यानात उभारलेल्या ह्या स्मारकाचे अनावरण १७ डिसेंबर २०१७ रोजी झाले.

‘स्टेअरवे टू हेवन’, म्हणजे स्वर्गाकडे जाणारा जिना, असे त्याचे नाव आहे. मूळ जिन्याच्या आकाराचा सागवानी जिना उलटा करून उंचावर बसविला असून त्यावर मृतांची नावे कोरलेली आहेत. त्याच्या छतात १७३ छिद्रे आहेत. त्यांतून प्रत्येक मृत व्यक्तीमागे एक, असे प्रकाशाचे कवडसे खाली पडतात. दरवर्षी मार्च महिन्यात सेंट जॉन चर्चमध्ये स्मरणार्थ प्रार्थनासभा होते.