ढेकूण निर्मूलनात उष्णतेचा वापर : पेठ परिसरातील घरगुती सामानाच्या संदर्भात

पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ, अतिपर्जन्याचा व प्रामुख्याने आदिवासी लोकवस्तीचा तालुका होय. भाताची कापणी आटोपली की येथील अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी, निफाडकडे जातात. मुले आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहतात. दोघांसोबतही अंथरूण-पांघरूण फिरते आणि ढेकणांचा प्रसार मुख्यतः अशा फिरत्या सामानातूनच होतो. ढेकणाच्या चाव्यातून रोगप्रसार होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि खाज व निद्रानाश यांचा अध्ययनावर होणारा परिणाम नाकारता येत नाही. ढेकूण म्हणजे अस्वच्छता, या समजुतीमुळे विद्यार्थी ही गोष्ट लपवितात आणि एका गादीचा प्रश्न संपूर्ण खोलीचा होतो.

रासायनिक उपायांचा इतिहास फारसा आशादायक नाही. डीडीटीला दाद न देणारे ढेकूण पर्ल हार्बर येथे १९४७ सालीच आढळले होते. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर घराघरांत डीडीटी फवारले गेले. कालांतराने येथील ढेकणांतही प्रतिकारशक्ती निर्माण झाली. आज पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांबाबतही हाच अनुभव येतो. धान्य साठवणुकीतील अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात वापरणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूने माणसे दगावल्याच्या घटना देशात घडल्या आहेत.

उष्णतेला मात्र प्रतिकारशक्तीची ही अडचण येत नाही. ठरावीक तापमानापुढे कीटकाच्या शरीरातील प्रथिनांची रचना बिघडते व तो मरतो. मिनेसोटा विद्यापीठातील २०११ च्या अभ्यासानुसार प्रौढ ढेकूण सुमारे ४८ अंश सेल्सिअसला अल्पावधीत मरतात. अंड्यांसाठी जवळजवळ ५५ अंश लागतात. ४८ अंशांवर अंडी नष्ट होण्यास सुमारे ७२ मिनिटे लागली, तर ४५ अंशांवर ती सात तासांनंतरही जिवंत राहिली. हे आकडे सायमेक्स लेक्चुलॅरियस या जातीचे आहेत. आपल्याकडे उष्ण प्रदेशातील सायमेक्स हेमिप्टेरस ही जात अधिक आढळते; म्हणून प्रत्यक्षात थोडी अधिक उष्णता व अधिक वेळ धरणे इष्ट ठरते.

गोधड्या उन्हात टाकण्याची जुनी रीत अपुरी का पडते, हे यावरून उमगते. कापूस व चिंध्यांचे थर उष्णतेचे मंदवाहक असतात. वरचा पदर हाताला चटका देतो, तेव्हाही आतली घडी किंवा जमिनीकडील बाजू प्राणघातक तापमानास पोहोचलेली नसते. शिवाय ढेकूण सावलीच्या बाजूस सरकतो. ऑस्ट्रेलियात काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवलेल्या गादीबाबतही हीच अडचण दिसली. म्हणून गोधडी एकेरी पसरून, काळ्या प्लास्टिकमध्ये सर्व बाजूंनी बंद करून, जमिनीपासून उंच ठेवावी व मध्यान्ही उलटावी. तापमान सर्वांत थंड जागी मोजावे आणि तेथे ५० अंश गाठल्यानंतरच दोन तास मोजावयास सुरुवात करावी. घरातील तापमापक येथे निरुपयोगी, कारण त्याची मर्यादा ४२ अंशांची असते. प्रयोगशाळेतील ११० अंशांपर्यंतचा तापमापक महाविद्यालयात सहज मिळतो.

परिटाची भट्टी याहून खात्रीची. सुती चादरी व उशांचे अभ्रे चुलाण्यावरील उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवल्यास अंडीही उरत नाहीत. नुसते थंड पाणी अंडी मारीत नाही. लोखंडी खाटांच्या सांध्यांत व बाजेच्या सुंभाच्या गाठींत उकळते पाणी सावकाश, भेगेत शिरेल असे ओतावे. घाईने ओतलेले पाणी ओघळून निवते. रॉकेल शिंपडणे किंवा खाटेखाली जाळ करणे यांत आगीचा धोका मोठा आहे.

पाश्चात्त्य देशांत संपूर्ण खोली तापविली जाते. पेठच्या कुडाच्या व कौलारू घरांत उष्णता टिकत नसल्याने ते शक्य नाही. भिंतीच्या भेगा शेण-मातीने लिंपणे हाच तेथील पूरक उपाय. उन्हाळी सुट्टीत वसतिगृह बंद राहिल्याने ढेकूण उपाशी मरतील, ही अपेक्षाही फोल आहे, कारण ते काही महिने रक्ताविना तगतात. मे महिन्यातील कडक ऊन या कामासाठी वापरावे. पावसाळा लागल्यावर भट्टीवाचून पर्याय उरत नाही. उपचारित सामान तोंड बांधलेल्या पिशवीत ठेवावे, आणि अंडी साधारणतः आठ-दहा दिवसांत उबत असल्याने दोन आठवड्यांनी शिवणी पुन्हा तपासाव्यात.