पाटकऱ्याच्या भरवशावर
(लेखांक ९)

अ‍ॅक्सेलरॉड यांच्या, सहकार की स्वार्थ हे तपासणाऱ्या, संगणक-स्पर्धेचा निकाल या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. तो आता पुढच्या खेपेला. मधेच निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलं, आणि ते बाजूला ठेवणं काही जमेना. ते लिहितात, 'तुमचं गणित संगणकावर ठीक आहे. आमच्या शेजाऱ्यानं चारशे फुटांवर बोअर नेलं की मला पाचशेवर जावंच लागतं. मी थांबलो तर बाग माझी वाळते, त्याची नाही. सहकार सज्जनांच्या गावात चालतो.'

पहिली तीन वाक्यं मला पूर्ण मान्य आहेत. चौथ्याशी भांडण आहे.

बागायतदारांनी जे चार ओळींत लिहिलं, तेच गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली 'सायन्स'मधल्या त्यांच्या गाजलेल्या लेखात मांडलं होतं. सगळ्यांसाठी मोकळं असलेलं कुरण घ्या. जादा गाय सोडणाऱ्याला फायदा पूर्ण मिळतो, तोटा मात्र सगळ्यांत वाटला जातो. मग प्रत्येक जण गायी वाढवतो आणि कुरण उजाड होतं. यावर हार्डिन यांना दोनच वाटा दिसत होत्या : खाजगी मालकी, नाही तर सरकारी दांडका. पण त्यांच्या त्या कुरणात पंच नाहीत, राखण नाही, नियम नाही, आणि गुराखी एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. आपल्या जमिनीखालचं पाणी आज नेमकं असंच आहे. जमिनीवरचं पाणी मात्र नेहमीच तसं नव्हतं, आणि त्याचा दाखला पत्रलेखकांच्या जिल्ह्यातच आहे.

बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर, तिकडे साक्री-धुळ्याकडे पांझरेवर, फड पद्धत निदान तीनशे वर्षं चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या. बंधाऱ्याखाली भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे बहुधा चार फड पाडलेले, आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखं हंगामी पीक, एखादा पडीक. पुढच्या वर्षी फेरपालट. कुठल्या फडाला काय, हे पंच बंधाऱ्यातलं पाणी बघून ठरवायचे. पाणी कमी असेल तर एखादा फड भिजवायचाच नाही.

सज्जनपणाचा प्रश्न इथेच सुटतो. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. त्यामुळे एक फड कोरडा ठेवायचा ठरला की त्याचा चटका सगळ्यांना सारखाच बसायचा. 'त्याचा फड' आणि 'माझा फड' अशी फारकतच नाही, तर कुणाच्या वाट्याचं पाणी पळवायचं? शेजाऱ्यावर प्रेम करा, असं ही व्यवस्था कुणाला सांगत नव्हती. शेजाऱ्याचं नुकसान करून स्वतःचा फायदा होईल, अशी फट तिनं शक्य तेवढी बुजवली होती.

उरलेल्या फटींसाठी माणसं नेमलेली होती. त्यांतला माझा लाडका म्हणजे पाटकरी. शेतकऱ्यानं स्वतःच्या शेताला स्वतः पाणी द्यायचं नाही. ते पाटकऱ्यानंच द्यायचं. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. मोबदला धान्याच्या, पिकाच्या रूपात. म्हणजे पीक बुडालं तर पाटकऱ्याचंही बुडणार. पाणी घेणारा आणि देणारा वेगळा ठेवला, की शेजाऱ्याबद्दलचे निम्मे संशय जन्मालाच येत नाहीत. शेतकरी रात्री घरी झोपायचा. आज रात्रीची लाइट आली की बॅटरी घेऊन मोटारीकडे धावणाऱ्यानं ही सोय जरा मोजून पाहावी.

'स्पर्धा नसली की माणूस आळसावतो,' असंही पत्रात पुढे आहे. पण फडात स्पर्धा होतीच की! बांधाला बांध लागून एकच पीक, एकाच पाटाचं, एकाच हातानं दिलेलं पाणी. मग कुणाचा गहू सरस, हे फक्त मशागतीवर आणि खतावर ठरणार. कमी पिकलं तर पाण्याला बोल लावायची सोय नाही. उलट पाचशे फुटांचं बोअर जिंकतं तेव्हा कोण जिंकलेलं असतं? ज्याला कर्ज मिळालं तो. शेतीतली चुरस पाहायची असेल तर पाण्यातली आधी मिटवावी लागते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या त्यांच्या पुस्तकात जगभरच्या अशा व्यवस्था तपासल्या. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या दाखल्यांत स्पेनमधलं व्हॅलेन्सिया आहे. तिथलं पाण्याचं न्यायालय दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी बसतं. आठ पाटांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले, काळे झगे घातलेले शेतकरीच न्यायाधीश. सगळं तोंडी, निकाल तिथल्या तिथे. नियम करणारे, पाळणारे आणि मोडणाऱ्याला दंड करणारे एकाच गावचे.

फडाचं गुणगान इथे थांबवतो, कारण त्यातही एक मोठी उणीव होती. हक्क जमिनीला चिकटलेला. ज्याला जमीन नाही, त्याचा पाण्याशी संबंध मजुरीपुरता. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी ही गाठच सोडवली. पाण्याचा वाटा घरातल्या माणसांवर मोजायचा, जमिनीवर नाही, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस बंद.

फड मोडले कसे? वर केळझर, हरणबारीसारखी धरणं झाली आणि नदीच्या पाण्याची सूत्रं गावाच्या हातून गेली, हे एक. दुसरं कारण बागायतदारांच्या पत्रातलंच आहे. फडात ज्याची विहीर झाली, त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. गरज उरली नाही की पाट साफ करायला घरचा माणूस पाठवायचा कशाला? दहा जण असे गळाले की उरलेल्यांवरचा बोजा वाढतो आणि अकरावा आपली विहीर खणतो. अशी व्यवस्था मोडायला मोठं भांडण लागत नाही.

आता मूळ प्रश्न : जमिनीखालच्या पाण्याचं काय? ते दिसत नाही, त्याला बंधारा घालता येत नाही. तरी हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केले आणि पाऊस मोजून पिकं ठरवायला घेतली. ऑस्ट्रॉम यांचा पीएचडीचा प्रबंधही नेमका याच विषयावर, १९६५चा. लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनमध्ये चढाओढीनं इतका उपसा झाला की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं. उपसा करणाऱ्यांत पाणीपुरवठा कंपन्या होत्या, तेल कंपन्या होत्या. सज्जनांचं गाव नक्कीच नव्हतं. १९४५ साली दावा गुदरला गेला, १९५५ साली अंतरिम करार झाला. कराराची मेख अशी की पाण्यावर हक्क असलेल्यांपैकी बहुतेकांनी सही केली, तरच तो लागू व्हायचा. मी थांबतो, पण तुम्हीही थांबणार असाल तर!

पण सहीच्या आधी एक काम झालं होतं. कोण किती उपसतो, हे कोर्टानं मोजून घेतलं आणि तो तक्ता सगळ्यांसमोर ठेवला. बागायतदार, आपल्या शिवारात किती बोअर आहेत, किती खोल आहेत, किती तास चालतात, याची यादी ग्रामसभेत एकदा तरी वाचली गेली आहे का? नसेल, तर शेजारी सज्जन आहे की नाही, हे ठरवायची वेळ अजून आलेली नाही.